'आमच्याकडे कुणी पडतच नाही'

प्रश्न : माझी आई ८२ वर्षांची आहे. तिला पार्किन्सन्स आहे आणि हल्ली ती विसरायलाही लागली आहे. घरी बाई ठेवून पाहिली. ब्यूरोकडून येणाऱ्या मुली महिना-दीड महिन्यात बदलतात, रात्रपाळीला तर कुणी टिकतच नाही. म्हणून आम्ही भावंडं तिच्यासाठी वृद्ध रुग्णांची केंद्रं बघत हिंडतो आहोत. एका ठिकाणचे व्यवस्थापक अभिमानाने म्हणाले, "गेल्या तीन वर्षांत आमच्याकडे एकही पेशंट पडलेला नाही." जागा स्वच्छ होती, शांत होती. बहीण लगेच डिपॉझिट भरायला निघाली. मला मात्र उगीच शंका आली. माझी शंका खुळी आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : शंका रास्त आहे. बहिणीला दोन दिवस थोपवा.

आधी हिशेब करू. नर्सिंग होममध्ये राहणारी म्हातारी माणसं किती वेळा पडतात, यावरच्या अभ्यासांचा आढावा अमेरिकेतले डॉ. लॉरेन्स रुबेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली घेतला होता. सरासरी निघाली ती एका खाटेमागे वर्षाला दीड वेळा. ठिकाणागणिक फरक भरपूर होता, कुठे ०.२ तर कुठे ३.६. तुम्ही पाहिलेलं केंद्र ४० खाटांचं धरलं, तर या सरासरीने तिथे वर्षाला ६० आणि तीन वर्षांत १८० वेळा कुणी ना कुणी पडायला हवं. सगळ्यांत खालचा आकडा लावला तरी २४ वेळा. आपल्याकडची परिस्थिती वेगळी असते, हे खरं. आपल्या केंद्रांत येणाऱ्यांपैकी पुष्कळजण आधीच अंथरुणाला खिळलेले असतात, काहींच्या दिमतीला घरच्यांनी ठेवलेली वेगळी बाई असते. त्यामुळे आकडा खाली येईल. पण चोविसाचं शून्य व्हायला काहीतरी खास कारण लागतं.

त्यातल्या त्यात निरुपद्रवी कारण म्हणजे तिथे पडणं मोजतच नाहीत. हाड मोडलं, टाके घालावे लागले, तरच 'पडले' म्हणायचं. पहाटे आजी खाटेजवळ जमिनीवर बसलेल्या सापडल्या, मावशींनी काखेत हात घालून उठवलं, गादीवर निजवलं, झालं. कुणी लिहिलं नाही, घरी कळवलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत हेही पडणंच आहे. नकळत माणूस जमिनीवर आला की तो पडला, लागलं असो वा नसो. आणि न लागलेलं पडणंच जास्त कामाचं असतं, कारण ते पुढच्या मोठ्या पडण्याची सूचना देऊन जातं. एका केंद्राच्या नोंदवहीत वाचलेली नोंद सांगतो :

"पहाटे ४.१०. आजी कॉट आणि कमोडच्या खुर्चीच्या मधे खाली बसलेल्या. डोक्याला मार नाही. बी.पी. झोपून १४०/८०, उभं केल्यावर ११०/६०. स्लीपर ओल्या. मुलाला फोन केला."

त्याखाली वेगळ्या अक्षरात, वेगळ्या शाईने : "डॉक्टरांना विचारून बी.पी.ची रात्रीची गोळी बदलली. रोज ३.३० ला उठवून बाथरूमला नेणे."

मला विचाराल तर अशा दोन नोंदी असलेली वही ही केंद्राच्या दर्शनी भागातल्या संगमरवरापेक्षा मोलाची. कुणीतरी पहाटे चारला जागं होतं, त्याने रक्तदाब झोपून आणि उभं करून असा दोनदा मोजला, घरी कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते वाचून वेळापत्रक बदललं. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या प्राध्यापिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासल्या, तेव्हा त्यांना सुरुवातीला उलटंच चित्र दिसलं : चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका जास्त नोंदलेल्या होत्या. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथल्या नर्सना चूक सांगायची भीती वाटत नव्हती. वृद्धांच्या केंद्रांनाही हे जसंच्या तसं लागू पडतं. ज्या केंद्रात पडल्याची बातमी देणाऱ्या मावशीचा त्या दिवसाचा पगार कापला जातो, तिथली वही कोरीच राहणार.

आता दुसरं कारण, आणि तुम्हाला आलेल्या शंकेचं मूळ बहुधा इथे असावं. जो उठतच नाही तो पडत नाही. चालू शकणाऱ्या माणसाला खाटेवर ठेवायचे उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. खाटेचे दोन्ही कठडे वर करायचे. व्हीलचेअरला ओढणीने किंवा पट्ट्याने कंबर बांधायची. नळी ओढतात म्हणून मनगटं बँडेजने खाटेला बांधायची. चालता येत असूनही दिवसभर डायपर लावायचा, म्हणजे बाथरूमला जायचं कारणच संपलं. यातलं कुठलंच काम दुष्टपणाने होतं असं मी म्हणणार नाही. रात्री वीस पेशंटमागे एक मावशी असेल, तर ती दुसरं करणार तरी काय?

पण बांधून ठेवल्याने माणूस सुरक्षित राहतो, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या नर्सिंग होम्समध्ये असं बांधून ठेवणं सर्रास चाले. १९८७ साली तिथे कायदा झाला आणि वैद्यकीय कारणाशिवाय, निव्वळ कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधायला बंदी आली. त्यानंतर काही वर्षांनी, १९९२ साली, डॉ. मेरी टिनेटी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न बांधलेल्या रहिवाशांपैकी ५ टक्क्यांना पडून गंभीर इजा झाली होती, बांधलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. बांधले जाणारे मुळात जास्त आजारी असतात, हा आक्षेप लगेच सुचतो. तो फरक हिशेबात धरूनही बांधण्याचा फायदा काही दिसला नाही.

असं का होतं, हे समजायला पायांचे स्नायू पाहावे लागतात. निरोगी, हिंडत्याफिरत्या वयस्क माणसांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळपास एक किलो मांस कमी झालं. २००७ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आहे आणि त्यातले लोक धडधाकट होते. तुमच्या आईचं वय ८२ आणि सोबत पार्किन्सन्स. आठवडाभर कठड्यांच्या आत ठेवल्या, की नंतर कुणी धरूनही त्यांना उभं राहता येणार नाही. मग त्या खरोखरच पडणार नाहीत. कठड्यांचं तर आणखी एक आहे : विसरभोळं माणूस कठडा ओलांडायला बघतं, आणि पडलं तर गादीच्या उंचीवरून न पडता कठड्याच्या उंचीवरून पडतं. म्हणून अशा पेशंटसाठी जमिनीलगत खाली येणारी खाट आणि शेजारी जाड मॅट बरी.

तिसरं कारण गोळीचं. तुम्ही लिहिलंत, 'जागा शांत होती'. किती वाजता गेला होतात? दुपारी दोनला शांत असेल तर ती वामकुक्षी. सकाळी अकराला ४० माणसांचं घर चिडीचूप असेल, टीव्ही चालू आहे आणि समोर माना टाकून बसलेली मंडळी आहेत, तर औषधांची यादी पाहायला मागा. रात्री ओरडतात, हिंडतात, म्हणून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना मनोविकारावरची औषधं दिली जातात. कधी ती खरंच लागतात. पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली त्यांच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. शिवाय गुंगीत उठलेलं माणूस जास्त पडतं. म्हणजे पडू नये म्हणून दिलेल्या गोळीने पडायचं.

तुमच्या आईच्या बाबतीत इथे थोडं थांबायला हवं. पार्किन्सन्समध्ये हॅलोपेरिडॉलसारखी शांत करणारी औषधं आणि उलटी थांबवायला सरसकट दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड, दोन्हींनी आजार बळावतो. रात्री अपरात्री बोलावलेल्या डॉक्टरला फाइल उघडायला वेळ नसतो. न्यूरोलॉजिस्टकडून 'ही औषधे देऊ नयेत' असं एका कागदावर लिहून घ्या आणि तो फाइलच्या पहिल्या पानावर लावा. दुसरी गोष्ट गोळ्यांच्या वेळेची. लेव्होडोपाचा अंमल काही तासच टिकतो. केंद्रात औषधं सगळ्यांना एकदम वाटली जातात, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. तुमच्या आईची गोळी साडेअकराची असेल आणि ती दोनला मिळाली, तर मधल्या वेळात पाय जमिनीला खिळतात, वळताना तोल जातो आणि त्या पडतात. नोंदवहीत लिहिलं जातं, 'चक्कर आली'. जेवणातलं डाळ-दूध गोळीचं शोषण अडवतं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास गोळी द्यायची असते. ही एक गोष्ट सांभाळणारं केंद्र मिळालं, तर निम्मं काम झालं असं समजा. आणि गोळी संपली म्हणून एकदम बंद होऊ द्यायची नाही. ते जिवावर बेतू शकतं.

मग त्या व्यवस्थापकांना विचारायचं काय? "तुमच्याकडे कोणी पडतं का?" हा प्रश्न सोडून द्या, त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं आहे. विचारा, "शेवटचं कोण पडलं, आणि मग तुम्ही काय केलंत?" ज्याला काम ठाऊक आहे तो पटकन सांगेल, की गेल्या महिन्यात एक काका बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळले, उंबरा काढून उतार केला, रक्त पातळ करणारी गोळी चालू होती म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन करून आणला. दुसरा प्रश्न रात्रीचा. दिवसा किती सिस्टर, किती मावशी हे सगळेच फुगवून सांगतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात प्रत्यक्ष जागं कोण असतं, त्यातलं नर्सिंग शिकलेलं कोण, आणि एकजण गावी गेला तर बदली कोण येतं, हे विचारा. ए.एन.एम. दोन वर्षांचा कोर्स, जी.एन.एम. तीन वर्षांचा, त्यांची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. अमेरिकेत २००१ साली झालेल्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की एका रहिवाशामागे दिवसभरात साधारण ४.१ तासांची शुश्रूषा मिळाली नाही, तर काळजी ढासळते. हा आकडा आपल्याकडे महिन्याच्या पंचवीस-तीस हजारांत बसत नाही, हे मलाही कळतं. पण ४० खाटांना रात्री दोन माणसं, हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आणि एकदा न कळवता, संध्याकाळी सात-साडेसातला जा. तेव्हा जेवणं उरकायची घाई असते, पाळी बदलते, मावशी थकलेल्या असतात. भरवताना पेशंटला पाठ टेकवून ताठ बसवलं आहे की आडव्यालाच वरण-भात चारला जातो आहे, हे बघा. आडवं करून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. पार्किन्सन्समध्ये तर गिळणंच मंदावलेलं असतं. घंटा वाजवून बघा, कुणी यायला किती वेळ लागतो. बाथरूमचा दांडा हाताने ओढून पाहा, भिंतीत घट्ट आहे की टाइलवर चिकटवलेला.

शेवटी बहिणीच्या बाजूने एक. तिची भीती खोटी नाही. या वयात खुब्याचं हाड मोडलं तर वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण २० ते ३० टक्क्यांच्या घरात जातं. पण केंद्रात दाखल करताना आपण नातेवाईकच बजावतो, "काहीही करा, पण पडू देऊ नका, नाहीतर बघून घेईन." चालकाला त्यातून एकच ऐकू येतं : बांधा. त्याऐवजी तुम्ही भावंडांनी एकत्र बसून लिहून द्या, की आईला रोज दोनदा धरून चालवावं, त्यात ती पडण्याची शक्यता आम्हाला मान्य आहे, पडली तर त्याच दिवशी कळवावं, आणि आम्हाला विचारल्याशिवाय बांधू नये. असा कागद पाहून जो चालक घाबरतो, त्याच्याकडे डिपॉझिट भरू नका. आणि आईला जेव्हा उमगत असेल तेव्हा तिलाही विचारा. खाटेवर सुरक्षित पडून राहायचं, की धडपडत का होईना बाल्कनीपर्यंत जायचं, हा निर्णय आधी तिचा आहे.

प्रश्न : वडिलांना केंद्रात ठेवल्यावर दोन महिन्यांत माकडहाडावर बेडसोर झाला. केंद्रवाले म्हणतात, वयामुळे होतोच. खरं आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अगदी शेवटच्या आजारपणात, शरीराचे सगळे अवयव मंदावत असताना, सगळी काळजी घेऊनही जखम होऊ शकते. बाकी बहुतेक बेडसोर टाळता येतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, रक्त पोचत नाही, आणि तासाभरा-दोन तासांत नुकसान सुरू होतं. वय हे एक कारण. बाकीची कारणं म्हणजे ओला डायपर, जेवणात प्रथिनं कमी, आणि कूस न बदलणं.

सुरुवात ओळखता येते. माकडहाड, खुबा, टाचा इथे लालसर दिसलं की बोटाने दाबायचं. बोट काढल्यावर तो भाग क्षणभर पांढरा पडून पुन्हा लाल झाला, तर अजून वेळ आहे. लालच राहिला तर ती पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आसपासच्या कातडीपेक्षा तो भाग गरम, टणक किंवा दुखरा लागतो का, हे हाताने पाहायचं. पुढच्या पायऱ्यांवर कातडी फाटते, खड्डा पडतो, आणि चौथ्या पायरीत हाड किंवा स्नायू उघडा पडतो. एका रात्रीत चौथी पायरी येत नाही. ती दिसली याचा अर्थ कितीतरी दिवस कुणी अंघोळ घालताना पाठ नीट पाहिली नाही.

एअर बेड घेतला म्हणून कूस बदलणं चुकत नाही. साधारण दर दोन तासांनी बदलायची, पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, आणि वर सरकवताना ओढायचं नाही, चादरीसकट दोघांनी उचलायचं. ओढण्यानेही कातडी सोलते. खाटेच्या पायाशी कूस बदलल्याचा तक्ता असेल तर त्यातल्या खुणा बघा. दिवसभराच्या सगळ्या खुणा एकाच पेनने, एकाच हाताने, एकाच तिरक्या रेषेत असतील, तर तो तक्ता संध्याकाळी बसून भरलेला आहे.

वडिलांच्या जखमेचा फोटो तारखेसह दर आठवड्याला काढून ठेवा, लांबी-रुंदी मोजायला लावा. ताप, वास किंवा काळपट पापुद्रा दिसला तर ड्रेसिंगवर थांबू नका, सर्जनला दाखवा.

प्रश्न : अशी केंद्रं चालवायला परवाना लागतो की नाही? तक्रार कुठे करायची?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इथे आपल्याकडे पोकळी आहे. आजारी किंवा विकलांग माणसांना ठेवून घेऊन त्यांच्यावर उपचार आणि शुश्रूषा करायची असेल, तर १९४९ सालचा नर्सिंग होम नोंदणी कायदा महाराष्ट्रात आहे. या कायद्याखालचं नोंदणीपत्र दर्शनी जागी लावावं लागतं, आणि २०२१च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही. पण कित्येक केंद्रं स्वतःला वृद्धाश्रम म्हणवतात, ट्रस्ट म्हणून नोंदलेली असतात, आणि आत नळी लावलेले, ऑक्सिजनवर असलेले रुग्ण असतात. तुम्ही भिंतीवरचं नोंदणीपत्र वाचा, त्यावर खाटांची संख्या आणि मुदत बघा. नसेल तर 'अर्ज केलाय' या उत्तरावर समाधान मानू नका.

२००७ सालचा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाबद्दल बोलतो, पण तिथेही 'सरकार उभारू शकेल' अशी भाषा आहे. खासगी केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ती लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. इंग्लंडमध्ये सरकारी तपासनीस प्रत्येक केअर होमला 'उत्कृष्ट' ते 'अपुरे' अशी जाहीर श्रेणी देतात आणि कुणालाही ती वाचता येते. आपल्याकडे ते काम तूर्त नातेवाइकांच्या अंगावर आहे.

तक्रार आधी केंद्राकडे लेखी करा आणि पोच घ्या. नोंदणी असलेल्या ठिकाणासाठी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे जाता येतं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही केंद्र सरकारची हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. मारहाण, उपासमार किंवा डांबून ठेवणं असेल तर तिकडे न थांबता सरळ पोलिसांत जा. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. त्यासाठी पावत्या, दाखल करतानाचा करार आणि फोटो जपून ठेवा. रोख देऊन पावती न घेणारे पुढे हात चोळत बसतात. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.